मोटरच्या शाफ्टवर पुली बसविणें : चावी, खांच व भोंक यांचा विचार

शेतकऱ्याच्या घरीं पूर्वीं एकच चाक असे, तें गाडीचें. त्याचा तुंबा, आरे व धांव यांची पारख घरांतील पोरासोरांसही असे. तुंब्यांत आंख थोडा सैल असला तरी कोणी चिंता करीत नसे. वंगण घातलें कीं गाडी बाजारास निघे. किंबहुना तो थोडा सैल असलाच पाहिजे, कारण गाडीचा आंख जागच्या जागीं राहतो आणि चाक त्याच्याभोंवतीं फिरतें. हल्लीं घरोघर विजेची मोटर आली आहे. तिच्यांत याच्या अगदीं उलट प्रकार असतो. मोटरचा शाफ्ट स्वतः फिरतो, आणि त्यावर बसविलेल्या पुलीच्या तुंब्यानें त्याच्याशीं एकजीव होऊन फिरावयाचें असतें. गाडीच्या चाकाचा न्याय मोटरच्या पुलीस लावणें हें आपल्याकडील पुष्कळ बिघाडांचें मूळ आहे. तीच चूक मीं स्वतः केली आणि तिची किंमतही भरली. यास्तव हा विषय शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें. मी यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून वयाच्या ५८ व्या वर्षीं घरीं आलेला व तेव्हांपासून वडिलोपार्जित शेतीकडे पाहणारा मनुष्य आहें. जें हातानें केलें व जाणत्यांकडून समजून घेतलें, तेवढेंच येथें लिहितों.

घडलेली हकीकत

आमच्याकडे सहा जनावरांचा गोठा आहे व कडबा कापण्यासाठीं कुट्टीयंत्र आहे. त्याची फार जुनी मोटर जळाल्यावर मीं ३ अश्वशक्तीची नवी मोटर आणली. जुनी पुली बिडाची, दणकट व कोठेंही न फुटलेली होती. ती टाकून देणें जिवावर आलें. जुन्या मोटरचा शाफ्ट इंची मापाचा होता : एक इंच एक सूत, म्हणजे सुमारें २८.६ मिलिमीटर. नव्या मोटरचा शाफ्ट २८ मिलिमीटरचा निघाला. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक. इतकासा फरक तो काय, असें मनाशीं म्हणून मीं तेलाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून शाफ्टभोंवतीं गुंडाळला व पुली हातोड्यानें ठोकून चढविली. जुन्या पुलींतील खांच पाव इंच रुंदीची होती आणि नव्या शाफ्टची चावी ८ मिलिमीटरची होती; तेव्हां चावीचा वरचा निम्मा भाग कानशीनें घांसून बारीक केला. काम एका तासांत आटोपलें, आणि पुलीचे पैसे वांचविल्याबद्दल मीं स्वतःची पाठही थोपटून घेतली.

दहा-बारा दिवस यंत्र ठीक चाललें. पुढें पुली किंचित् डुलूं लागली व पट्टा एका कडेनें झिजूं लागला. आज पाहूं, उद्यां पाहूं, असें चाललें असतां एके दिवशीं सायंकाळीं कडब्याची पेंढी यंत्रांत अडकली. मोठा आवाज झाला. चावी पिळवटून निघाली, पत्र्याचे तुकडे झाले, मोटर पुलीच्या आंतल्या आंत फिरूं लागली, आणि पट्ट्याच्या ओढीनें पुली शाफ्टवरून सुटून गोठ्याच्या भिंतीवर आदळली. तिची कड फुटून एक मोठा तुकडा उडाला. आमचा गडी जेथें उभा राहून कडबा सारीत असे, त्याच जागेवरून तो गेला. गडी क्षणापूर्वींच दुसरी पेंढी आणण्यास गंजीकडे वळला होता, म्हणूनच आज ही हकीकत मी स्वस्थ मनानें लिहूं शकतों.

शाफ्टवर खोल ओरखडे पडले होते व खांचेच्या कडा उमलल्या होत्या. मोटर खोलली तेव्हां आंतील बेअरिंगेंही बिघडलेलीं आढळलीं. दुरुस्तीस एकोणीस दिवस लागले. तितके दिवस घरांतील सर्वांनीं कोयत्यानें कडबा तोडला. आमच्या घरांतून मला इतकेंच विचारण्यांत आलें, ‘‘उताऱ्यावर एक अक्षर खोडलेलें तुम्हांस चालत नसे, मग लोखंडांत पत्रा कसा चालला?’’ या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

कोणाचें काम कोणतें?

दुरुस्तीसाठीं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत गेलों असतां तेथील एका वृद्ध कारागिरानें फुटकी पुली हातांत घेतली, भोंकांतून बोट फिरविलें आणि तो म्हणाला, ‘‘भाऊसाहेब, चावी फिरवत्या, पर धरायचं काम भोकाचं.’’ या एका वाक्यांत सर्व शास्त्र आलें. त्याची फोड अशी :

शाफ्टवर पुली बसविण्यांत तीन निरनिराळीं कामें आहेत. पुलीचा मध्य राखणें व तिला डुलूं न देणें हें भोंकाचें काम. शाफ्टचा फेरा पुलीस पोंचविणें हें चावीचें काम. पुलीला शाफ्टच्या लांबीवर सरकूं न देणें हें कडेच्या स्क्रूचें काम. एकाचें काम दुसऱ्यावर टाकलें कीं बिघाड ठरलेला. सैल भोंकाची भरपाई चावी करील अशी अपेक्षा धरणें म्हणजे तलाठ्याचें काम पाटलानें व पाटलाचें कोतवालानें करावें, असें म्हणण्यासारखें आहे.

चावीवर किती जोर पडतो हें आंकड्यांनीं पाहूं. ३ अश्वशक्ति म्हणजे सुमारें २२०० वॅट. मोटर मिनिटास १४३० फेऱ्यांच्या सुमारास फिरत असतां, २८ मिलिमीटर शाफ्टच्या पृष्ठभागावर, म्हणजे मध्यापासून १४ मिलिमीटर अंतरावर, पूर्ण भाराच्या वेळीं १०७ किलो वजनाइतका जोर येतो. ज्वारीचें १०० किलोंचें पोतें बोटाच्या पेराएवढ्या लोखंडी तुकड्यावर रेटीत आहे, असें समजावें. मोटर एकदम चालू करितांना किंवा यंत्रांत पेंढी अडकली असतां हाच जोर दुप्पट व त्याहूनही अधिक होतो. योग्य मापाची, दोन्ही बाजूंनीं घट्ट बसलेली चावी हा भार सहज वाहते. परंतु भोंक सैल असेल तर पट्ट्याची ओढ पुलीला एका अंगास खेंचते, आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यास पुली किंचित् हलून चावीवर आदळते. मिनिटास १४३० म्हणजे तासाला ८५ हजारांहून अधिक ठोके. प्रत्येक ठोका लहान. पण थेंबाथेंबानें बांध फुटतो तशी चावी व खांच यांची गत होते. माझ्या पत्र्यानें पोकळी भरली नव्हती, केवळ झांकली होती.

आधीं मोजावें, मग लिहावें, मग कापावें

आपला सुतार किंवा लोहार ज्यास ‘सूत’ म्हणतो तो इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३ मिलिमीटरहून थोडा अधिक. नांगर, कुळव, गाडी यांच्या कामांत अर्ध्या सुताची चूक खपून जाते. मोटरच्या शाफ्टचें काम मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चालतें. २८ मिलिमीटरच्या शाफ्टवर बसणाऱ्या पुलीचें भोंक २८ पेक्षां दोन शतांश मिलिमीटरहून अधिक मोठें असूं नये, असा दंडक आहे. हें माप लांकडी पट्टीनें कळत नाहीं. व्हर्नियर कॅलिपर घरीं असावा. तो पाजळलेल्या विळ्याइतकाच उपयोगाचा आहे. भोंकाची शेवटची परीक्षा मात्र प्रत्यक्ष शाफ्टनेंच करावी. पुली तेलाच्या बोटानें, हाताच्या जोरानें जेमतेम सरकावी व हलवून पाहतां मुळींच डुलूं नये. ती आपोआप घसरून बसली तर भोंक सैल समजावें.

दुसरें असें कीं, इंची व मेट्रिक मापांची गल्लत करूं नये. आपल्या देशांत मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीं झाला. पण जुनीं यंत्रें व जुन्या पुल्या अजून घरोघर पडल्या आहेत. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करितांना आम्हां कारकुनांस जी दक्षता घ्यावी लागे, तीच येथें हवी. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर; ‘जवळजवळ तितकेंच’ हा शब्द येथें वर्ज्य समजावा.

हल्लींच्या प्रमाणित मेट्रिक मोटरींचीं मापें खालीं देत आहें. मिनिटास सुमारें १४४० फेरे करणाऱ्या मोटरींपैकीं १ अश्वशक्तीच्या मोटरचा शाफ्ट बहुधा १९ मिलिमीटरचा, २ अश्वशक्तीचा २४ चा, ३ व ५ अश्वशक्तीचा २८ चा, ७॥ व १० अश्वशक्तीचा ३८ चा आणि १५ अश्वशक्तीचा ४२ चा असतो. तथापि कापण्यापूर्वीं आपला शाफ्ट प्रत्यक्ष मोजावा. मापें मिलिमीटरांत :

शाफ्ट १९ : चावी ६ रुंद, ६ उंच, शाफ्टचें माप १५.५, भोंकाचें माप २१.८.
शाफ्ट २४ : चावी ८ रुंद, ७ उंच, शाफ्टचें माप २०.०, भोंकाचें माप २७.३.
शाफ्ट २८ : चावी ८ रुंद, ७ उंच, शाफ्टचें माप २४.०, भोंकाचें माप ३१.३.
शाफ्ट ३८ : चावी १० रुंद, ८ उंच, शाफ्टचें माप ३३.०, भोंकाचें माप ४१.३.
शाफ्ट ४२ : चावी १२ रुंद, ८ उंच, शाफ्टचें माप ३७.०, भोंकाचें माप ४५.३.

येथें ‘शाफ्टचें माप’ म्हणजे खांचेच्या तळापासून शाफ्टच्या समोरच्या पाठीपर्यंतचें अंतर, व ‘भोंकाचें माप’ म्हणजे पुलींतील खांचेच्या तळापासून भोंकाच्या समोरच्या भिंतीपर्यंतचें अंतर. खांचेची खोली तिच्या कडेपासून मोजूं नये. भोंक गोल असल्यामुळें कड खोलगट जागीं येते व मोजणारा फसतो. २८ च्या भोंकांत ही फसगत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक भरते. समोरच्या भिंतीपासून मोजलें म्हणजे हा घोटाळा होत नाहीं.

वरील आंकडे पडताळून पाहिल्यास दिसेल कीं, शाफ्टमधील ४ व पुलींतील ३.३ मिळून ७.३ मिलिमीटर जागा होते आणि चावी ७ मिलिमीटर उंच असते. म्हणजे चावीच्या माथ्यावर थोडी फट राहते. ती चूक नसून मुद्दाम ठेविलेली असते. अशा सरळ चावीनें दोन्ही बाजूंच्या भिंतींस घट्ट टेकावें, माथ्यास टेकूं नये. माथ्यावर पाचर बसली तर ती पुलीला एका अंगास उचलते आणि मध्य बिघडतो. डोकें असलेली उतरती चावी निराळी. तिचा उतार शंभरास एक असतो व ती माथ्यावरच आवळते. सरळ चावीच्या खांचेंत उतरती चावी ठोकूं नये.

पुलींत खांच पाडणें

मोटर विकत येते तेव्हां तिच्या शाफ्टवर खांच असते व बहुधा चावीही मिळते. घरीं करावयाचें काम बहुतेक पुलींतील खांचेचें. भोंक मात्र लेथवर तज्ज्ञ कारागिराकडूनच करून घ्यावें. तें हातानें गोल व सरळ होत नाहीं. माझ्या नव्या पुलीचें भोंक मीं उद्यमनगरांत करून घेतलें, आणि खांच घरीं दोन दुपारीं बसून हातानें पाडली. तिची रीत अशी :

पुली शेगड्यांत धरावी. जबड्यांस लांकडाच्या फळ्या लावाव्या आणि पकड तुंब्यावर घ्यावी, कडेवर घेऊं नये. बीड दाबानें वांकत नाहीं, फुटतें. तुंब्याचें तोंड घांसून स्वच्छ करावें व त्यावर मोरचुदाचें पातळ पाणी फडक्यानें लावावें. लोखंडावर तांबूस थर चढतो व त्यावर सुईनें ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांच्या घरीं मोरचूद असतेंच; तें मोजमापाच्या हत्यारांस मात्र लागूं देऊं नये. भोंकांत लांकडी गुल्ली घट्ट बसवून तिच्यावर मध्यबिंदु काढावा. मध्यांतून एक रेघ व तिच्या दोन्ही अंगांस चार-चार मिलिमीटरांवर दोन रेघा गुण्यानें ओढाव्या. या रेघा म्हणजे आपले हद्दीचे दगड. त्यांच्या आंतच काम करावयाचें. मागच्या तोंडावरही तशाच रेघा ओढाव्या.

आतां गुल्ली काढून हॅक्सॉचें पातें भोंकांतून ओंवून चौकटीस लावावें, आणि रेघांच्या किंचित् आंत दोन काप खोलीच्या थोडे अलीकडेपर्यंत घ्यावे. मधला भाग अरुंद छिन्नीनें काढावा. छिन्नी दोन्ही तोंडांकडून आंत चालवावी; एकाच बाजूनें पार नेली तर बिडाची दूरची कड तुटते. राहिलेलें काम चौकोनी कानशीचें. ज्या कानशीची एक बाजू बिनदांत्यांची असते ती घ्यावी, म्हणजे तळ घांसतांना भिंत खाल्ली जात नाहीं. दर दहा-पंधरा हातांनंतर चावी घालून पाहावी. तव्याची काजळी तेलांत कालवून चावीवर पुसटशी लावली तर ती जेथें अडते तेथें काळा डाग उमटतो. तेवढाच भाग घांसावा. शेवटीं चावी अंगठ्याच्या जोरानें व हातोड्याच्या अगदीं हलक्या टिचकीनें पूर्ण लांबी जावी, आणि पुली आकाशाकडे धरून पाहतां चावीच्या बाजूंस उजेड दिसूं नये.

या कामांत घाई हा मोठा शत्रु आहे. खांच अरुंद राहिली तर घांसतां येते. रुंद झाली तर परत अरुंद होत नाहीं. चुकीची नोंद एकदां वहींत पडली कीं ती दुरुस्त करण्यास दहा कागद लागतात, तसेंच हें आहे.

ज्यांच्याकडे लहानसा लेथ आहे त्यांना अधिक सोपी वाट आहे. भोंक केल्यानंतर पुली चकमधून न काढतां, मोटर बंद करून चक फिरणार नाहीं असें अडकवून टाकावें. चावीच्या रुंदीचें किंवा त्याहून थोडें अरुंद हत्यार आडवें, ठीक मध्याच्या उंचीवर बांधावें आणि घोडी हातानें पुढें-मागें नेऊन एकेका फेरीस अर्ध्या दशांश मिलिमीटराइतकें खरवडावें. परत येतांना हत्यार भिंतीपासून सोडवावें, नाहींतर त्याची धार जाते. ३.३ मिलिमीटर खोलीस साठ-सत्तर फेऱ्या लागतात. परंतु भोंक व खांच एकाच बांधणींत झाल्यामुळें खांच भोंकाशीं समांतर येते.

तिसरी रीत ब्रोचची. ब्रोच म्हणजे क्रमाक्रमानें उंच होत गेलेल्या दांत्यांची लांब पट्टी. भोंकांत खांचा असलेली गोल गुल्ली बसवून त्या खांचेंतून ब्रोच हातदाबाच्या यंत्रानें पार ढकलतात. नंतर मागें पातळ पट्टी सरकवून पुन्हां ढकलतात. खांच कांहीं मिनिटांत व अचूक होते. मात्र प्रत्येक मापास निराळा ब्रोच लागतो व तो स्वस्त नसतो. गांवांतील चार-पांच जणांनीं मिळून ८ व १० मिलिमीटरचे दोन ब्रोच घेतले तर बहुतेक सर्वांच्या मोटरींचें काम भागेल. सहकाराची ही लहान पण उपयुक्त बाब होय.

शाफ्टवर नवी खांच पाडण्याचें काम, विशेषतः मोटरच्या शाफ्टवर, घरीं करूं नये. तें मिलिंग यंत्राचें काम आहे. खांचेचे आंतील कोपरे अगदीं तीक्ष्ण राहिले तर तेथूनच शाफ्टला चीर जाण्यास आरंभ होतो, हें कारागीर जाणतो व कोपऱ्यास किंचित् गोलाई ठेवतो. खराब झालेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा भर घालावयाचा असेल तर विजेचा परतीचा चिमटा शाफ्टवरच लावलेला आहे ना, हें पाहावें. तो मोटरच्या अंगावर लावला तर प्रवाह बेअरिंगांतून जातो व तीं डागाळतात.

सैल पुलीचें काय करावें?

जुनी पुली सैल निघाली तर तिला पत्रा, कागद, सुतळी कांहींही गुंडाळूं नये. तुंबा पुरेसा जाड असेल तर भोंक लेथवर मोठें करून त्यांत पोलादी नळी दाबून बसवावी आणि ती नळी योग्य मापास कापून नवी खांच पाडावी. तुंबा पातळ असेल तर पुली मोडींत द्यावी. हल्लीं चिरलेल्या निमुळत्या बुशावर बसणाऱ्या पुल्याही मिळतात. त्यांत पुली तीच राहते व शाफ्टच्या मापाचा बुश तेवढा निराळा घेतात. स्क्रू आवळले कीं बुश शाफ्टास चोहोंकडून धरतो. ज्यांस कानशीचा सराव नाहीं त्यांनीं ही वाट धरावी. अधिक पडलेले पैसे वायां जात नाहींत.

चावीही योग्य धातूची असावी. बाजारांत चावीसाठींच केलेली मध्यम कठीण पोलादाची चौकोनी पट्टी मिळते, तीच घ्यावी. खिळा, मोडकी कानस किंवा ड्रिलचा तुकडा चावी म्हणून वापरूं नये. खिळा मऊ पडतो. कानस इतकी कठीण असते कीं ती स्वतः तडकते, किंवा शाफ्टची खांच खाऊन टाकते. अपघातांत कांहीं तुटावयाचेंच असेल तर तें चार पैशांच्या चावीनें तुटावें, मोटरच्या शाफ्टनें नव्हे.

पुली चढविणें

माझी दुसरी चूक हातोड्याची. पुलीवर घातलेला प्रत्येक घाव शाफ्टमधून बेअरिंगच्या गोळ्यांवर जातो आणि कड्यांवर बारीक खळगे पडतात. ते त्या दिवशीं दिसत नाहींत. महिन्याभरानें मोटर गुणगुणूं लागते तेव्हां कळतात. पुष्कळ मोटरींच्या शाफ्टच्या टोंकास मध्यभागीं आटे पाडलेलें छिद्र असतें. २८ मिलिमीटरच्या शाफ्टांत तें बहुधा १० मिलिमीटर आट्यांचें असतें. त्यांत आटेदार सळई घालावी, पुलीवर जाड चकती व नट बसवावा आणि नट पान्यानें फिरवून पुली हळूहळू आंत ओढावी. असें छिद्र नसेल तर मागील पंख्याचें झांकण काढून शाफ्टचें दुसरें टोंक भक्कम ठोकळ्यास टेकवावें व लांकडावरून हलके ठोके द्यावे. म्हणजे जोर बेअरिंगांवर न येतां ठोकळ्यावर जातो.

पुली घट्ट वाटली तर भोंक घांसूं नये. पुली पातेल्यांत उकळत्या पाण्यांत पंधरा-वीस मिनिटें ठेवावी. ७० अंशांनीं तापलेल्या बिडाचें २८ मिलिमीटरचें भोंक सुमारें दोन शतांश मिलिमीटरनें वाढतें, आणि घट्ट वाटणारी पुली बहुधा तेवढ्यानेंच बसते. पाणी पुसून, जाड फडक्यानें धरून ती लगेच चढवावी. चावी आधीं शाफ्टच्या खांचेंत तळापर्यंत बसवून ठेवावी. पुली शक्य तितकी मोटरच्या अंगाजवळ घ्यावी. टोंकाशीं ठेविल्यास पट्ट्याची ओढ तरफेसारखी बेअरिंगवर येते. मग कडेचा स्क्रू आवळावा, दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर दोरी ताणून त्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें पाहावें, आणि एक तास यंत्र चालवून स्क्रू पुन्हां तपासावा. काढण्याच्या वेळीं पुलीच्या कडेखालीं पहार घालूं नये. तीन पायांचा पुलर वापरावा.

हें सर्व करितांना मोटरचा स्विच बंद करणें पुरेसें नाहीं. फ्यूज काढून स्वतःच्या खिशांत ठेवावे. मोटरवर फडकें झांकावें, म्हणजे लोखंडाचा चुरा आंत जाणार नाहीं. घांसतांना डोळ्यांवर चष्मा असावा. पट्टा व पुली यांवर जाळीचें झांकण घातल्यावांचून यंत्र चालवूं नये. उपरणें व साडीचा पदर यांना फिरता शाफ्ट ओळखत नाहीं. आमच्या गोठ्यांत आतां असें झांकण आहे. तें आधींच असतें तर पुलीचा तुकडा त्यांतच अडकला असता.

शेवटची विनंती

आपल्या भागास यंत्रांचें वावडें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आरंभीं केलेल्या मालांत कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर हेच होते, आणि १९१० सालीं औंध संस्थानाच्या माळावर त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली, ती शेतकऱ्याच्या भरंवशावरच. यंत्र घेण्यास आपण मागें राहिलों नाहीं. तें मोजून सांभाळण्यांत मात्र आळस करितों. माझी विनंती इतकीच कीं, प्रत्येकानें आपल्या मोटरचा शाफ्ट, चावी, पुली व पट्टा यांचीं मापें एका कागदावर लिहून स्विचच्या पेटीच्या झांकणाआंत चिकटवून ठेवावीं, आणि नवी पुली घेतांना तो कागद बरोबर न्यावा. माझ्या पेटींत असा कागद आहे. त्याच्याच खालीं ती पिळवटलेली चावी एका खिळ्यास टांगून ठेविली आहे. गड्याची दृष्टि रोज तिच्यावर पडते, व माझीही.